मिलिमीटरभर किडीसाठी कॅमेरा

मिरचीवरचा फुलकिडा लांबीला जेमतेम एक मिलिमीटर. तो पानातला रस शोषतो आणि पानाच्या कडा वर वळतात. त्याच झाडावर कोळी किडीने ठाण मांडलं, तर पान खालच्या बाजूला वळतं. शेतकरी दोन्हींना चुरडा-मुरडाच म्हणतो, औषध मात्र दोघांचं एक नाही. कोळी मुळात कीटकच नव्हे. त्यात २०२१ मध्ये तेलंगण आणि आंध्र प्रदेशातल्या मिरचीवर काळपट तपकिरी रंगाच्या फुलकिड्यांनी मोठा धुमाकूळ घातला. हे पाहुणे फुलांत दडून बसतात, तर आपला जुना फिकट पिवळा फुलकिडा कोवळ्या पानांवर राहतो. यातला कोणता आपल्या शेतात आहे, हे ओळखायला नुसते डोळे अपुरे पडतात.

नंदुरबार म्हणजे लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात शहराबाहेरच्या पथारींवर मिरचीचे लाल गालिचे पसरलेले असतात. इथे पिकाचा फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला किंवा औषध दुकानदाराला पाठवणं आता रोजचंच झालं आहे. पोचतो तो बहुधा हिरवा धुरकट डाग, आणि त्यावरून ‘फवारणी करून बघा’ असा मोघम सल्ला मिळतो.

दोष दर वेळी फोनचा नसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक तपशील वाटेतच गळतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. बऱ्याच जणांचं काम एवढ्यावरच भागेल, कॅमेऱ्याचा खर्च वाचेल. शिवाय ई-पीक पाहणीसारखी कामं फोनवरच्या ॲपमधूनच करायची असतात. कितीही भारी कॅमेरा घेतला तरी फोन खिशातून जाणार नाही.

मग स्वतंत्र छोटा कॅमेरा घ्यावाच कशाला? जगाने हाच प्रश्न विचारला आणि उत्तरही देऊन टाकलं. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर पाठवलेल्या, भिंग न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या दहा कोटींच्या वर होती. २०२३ मध्ये ती वीस लाखांच्याही आत आली. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे जवळपास संपले. टिकले ते फोनला न जमणारं काहीतरी करून दाखवणारे, आणि अगदी जवळून फोटो घेणं हे त्यातलंच एक.

जवळच्या फोटोचं गणित सोपं आहे, फक्त दुकानात ते कोणी सांगत नाही. समजा, फोटो आडवा ४,००० पिक्सेलचा आहे. म्हणजे साधारण १२ मेगापिक्सेल. कॅमेऱ्याने २० मिलिमीटर रुंदीचा तुकडा पूर्ण चौकटीत भरला, तर एक मिलिमीटरच्या किडीच्या वाट्याला २०० पिक्सेल येतात. पाय, मिशा, रंग, सगळं दिसतं. कॅमेरा १०० मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा पकडूच शकत नसेल, तर त्याच किडीला ४० पिक्सेल मिळतात आणि ती ठिपका होऊन राहते. काही स्वस्त फोनांवर ‘मॅक्रो’ नावाचं २ मेगापिक्सेलचं वेगळं भिंग असतं. ते शोभेपुरतंच समजावं.

कंपन्या मात्र छापतात ते अंतर: ‘१ सेंटीमीटरपासून मॅक्रो’, ‘५ सेंटीमीटरपासून मॅक्रो’. खरी मेख तिथेच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत हे अंतर झूम पूर्ण मागे घेतल्यावरच, म्हणजे दृश्य सगळ्यात रुंद असताना लागू होतं. सोनीचा पहिला आरएक्स१०० घ्या. २०१२ मध्ये आलेला हा नावाजलेला कॅमेरा रुंद टोकाला ५ सेंटीमीटरवर नेम धरतो. झूम पूर्ण ताणला की त्याला किमान ५५ सेंटीमीटर मागे सरावं लागतं. उलट ५ सेंटीमीटरइतक्या जवळ भिंग नेलं की त्याची सावली पानावर पडते, आणि किडा जरा चपळ असेल तर उडून जातो.

या बाबतीत ऑलिम्पसची ‘टफ’ मालिका वेगळी निघाली. २०१९ चा टीजी-६ आणि ओएम सिस्टीम या नव्या नावाखाली २०२३ मध्ये आलेला टीजी-७, या दोन्हींत ‘मायक्रोस्कोप’ मोड आहे. त्यात झूम ताणूनही भिंगापासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो. वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले अनेक फोटो जोडून कॅमेरा स्वतःच एक स्पष्ट फोटो बनवतो. भिंगाभोवती बसवायची प्रकाशाची कडी वेगळी विकत मिळते, तीही उपयोगी; सावलीची तक्रार मिटते. हा कॅमेरा पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो, म्हणजे तोरणमाळच्या पावसाळी धुक्यात किंवा सातपुड्यातल्या ओढ्याकाठी त्याची काळजी नको.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. टीजी-७ चा सेन्सर लहान आहे, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. आरएक्स१०० किंवा कॅननच्या जी७एक्स मालिकेतला ‘एक इंची’ सेन्सर सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौपट. लहान सेन्सरचा जवळच्या फोटोत फायदाच होतो. भिंगाच्या छिद्राचा एफ-आकडा तोच ठेवून तीच चौकट टिपली, तर लहान सेन्सरवर किड्याचा जास्त भाग स्पष्ट येतो. अंधारात मात्र पारडं उलटतं.

त्याची परीक्षा घ्यायला काठीच्या राजवाडी होळीइतकी चांगली जागा नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या या होळीत रात्रभर ढोल वाजतो, मोरपिसांचे टोप घातलेले आणि अंगावर पांढरी नक्षी काढलेले नर्तक फेर धरतात आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. उजेड काय तो जाळाचा. लहान सेन्सर तिथे फोटोत दाणे भरतो, चेहरे पुसट करतो. फ्लॅश मारला तर जाळाचा तांबूस रंगच मरतो, वर नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर भगभगीत उजेड. अशा रात्री एक इंची सेन्सर आणि मोठ्या छिद्राचं भिंगच कामाला येतं. आणि हो, देवकार्य करणाऱ्याचा फोटो विचारूनच घ्यावा, कॅमेरा कोणताही असो.

पाखरांची हौस असणाऱ्यांनी मात्र खिशातल्या कॅमेऱ्याकडून आशा ठेवू नये. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीलायक नोंदच नव्हती. मधली १९१४ ची नोंद रिचर्ड माइनर्टझागन याने चोरलेल्या नमुन्यावर बेतलेली निघाली. त्यामुळे या तिघांनी जागेवरच केलेलं चित्रीकरण फार मोलाचं ठरलं. पण फांदीवरचा वीतभर पक्षी तीन-चार पट झूममध्ये सापडत नाही. त्यासाठी लांब झूमचा, हातभर जागा खाणारा कॅमेरा लागतो, आणि तो रोज कोणी सोबत नेत नाही.

निवड त्यामुळे अगदी घरगुती प्रश्नावर येते: जास्त फोटो कशाचे? पिकं, किडी, रानफुलं, बियाणं हेच मुख्य असेल आणि मधूनमधून घरचे कार्यक्रम, तर टीजी-७ किंवा चांगल्या अवस्थेतला जुना टीजी-६ घ्यावा. लग्नं, होळी, घरातलं संध्याकाळचं वातावरण मुख्य असेल, तर एक इंची सेन्सरचा कॅमेरा, किडींच्या बाबतीत थोडी तडजोड करून. मेगापिक्सेलचा आकडा दोन्ही वेळा शेवटी बघावा.

नंदुरबारहून सुरतेला रेल्वेने जाता येतं. निवडीला वाव मिळेल तो मोठ्या शहरातच. दुकानात पट्टी घेऊन जावं. कॅमेरा जितका जवळ नेता येईल तितका नेऊन पट्टीचा फोटो काढावा आणि चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजावं. २० च्या आत असतील तर किडीचं काम होईल. जुना कॅमेरा असेल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, झूम चार-पाच वेळा आत-बाहेर करून आवाज ऐकावा आणि तो कॅमेरा पाण्यात बुडवून बघायच्या फंदात पडू नये. जुन्या रबरी सीलचा भरवसा नसतो. नव्याच्या बिलावर अनुक्रमांक आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी कंपनी हात वर करते.