घोडीच्या अंडाशयातील दोन पेशींची भागीदारी

अंडाशयात अंडपेशीभोवती द्रवाने भरलेली जी पिशवी वाढते, तिला पुटक म्हणतात. या पुटकाच्या भिंतीत आतल्या बाजूस ग्रॅन्युलोसा पेशींचा आणि त्याबाहेर रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा थीका पेशींचा थर असतो, आणि यांपैकी कोणता थर कोणते स्टेरॉइड संप्रेरक बनवतो हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्रज्ञांना दीर्घकाळ सतावत होता. तो सोडवण्यास घोडी विशेष उपयोगी पडली, कारण तिचे पुटक फुटण्यापूर्वी सुमारे ४० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे होते आणि त्यातील द्रव रासायनिक विश्लेषणास पुरेसा मिळतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की अंडमोचनाच्या सुमारास घोडीच्या थीका पेशी ऱ्हास पावतात, त्यामुळे त्यानंतर तयार होणारा पीतपिंड जवळजवळ केवळ ग्रॅन्युलोसा पेशींचाच असतो. दोन थर वेगळे करण्याचे जे काम प्रयोगशाळेत जिकिरीचे, ते येथे निसर्गानेच केलेले असते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉजर शॉर्ट यांनी १९६२ मध्ये हाच फरक हेरला. पुटकद्रवात इस्ट्रोजेन विपुल आढळते, तर पीतपिंडात प्रामुख्याने प्रोजेस्टेरॉन, यावरून त्यांनी ‘दोन पेशीप्रकारांचा सिद्धांत’ मांडला. ग्रॅन्युलोसा पेशी कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉनपर्यंत पोहोचतात; परंतु त्यापुढे अँड्रोजेन, म्हणजे नरवर्गीय संप्रेरक, बनवण्यासाठी लागणारे विकर त्यांच्यात नसते. त्या पुढच्या टप्प्याचे नेमके चित्र नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले: थीका पेशी अँड्रोजेन पुरवतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी अ‍ॅरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. घोडीला माजावर आणणारे मादीचे संप्रेरक अशा रीतीने नराच्या संप्रेरकातूनच घडते, हे कितीही विपरीत वाटले तरी खरे आहे. अंडमोचनानंतर थीकाचा पुरवठा आटतो आणि उरलेल्या पेशी, गर्भधारणा झाल्यास तिला लागणारे प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतात.

ही भागीदारी बिघडल्यावर काय होते, हे पशुवैद्यकांना चांगले ठाऊक आहे. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ हा घोडीच्या अंडाशयातील सर्वाधिक आढळणारा अर्बुद असून त्यात थीका पेशीही वाढल्या असल्यास रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढते आणि घोडी नराप्रमाणे आक्रमक वागू लागते. अशी गाठ सहसा एकाच बाजूस असते, व ते अंडाशय शस्त्रक्रियेने काढल्यावर बहुतेक घोड्यांचे ऋतुचक्र काही महिन्यांत पूर्ववत होते.