पदर उलटा करून दाखवा

सकाळी ९. शटर वर, झाडलोट, गादीवर धुतलेली चादर. मग दिवसातलं खरं काम: कालच्या घाईत मिसळलेल्या घड्या वेगळ्या करणं. डाव्या कपाटात हातमागाच्या पैठण्या, उजव्यात यंत्रमागाच्या, म्हणजे गिऱ्हाईक ज्यांना सेमी म्हणतं त्या. येवल्यात दोन्ही विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. दोन्ही एकाच कपाटात, एकाच पिवळ्या दिव्याखाली मांडल्या की गैर सुरू होतं.

१०. दारातल्या मागावर विणकर बसतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, मोर हातानं भरायचा. तास उलटतो तेव्हा मोराची मान जेमतेम दिसते. हे पाच मिनिटं पाहिलेलं गिऱ्हाईक किमतीवरून फारसं अडत नाही. काही ठिकाणी माग फोटोपुरता आणि आतला माल यंत्रमागाचा. त्याला मी सरळ लबाडी म्हणतो.

११.३०. शिर्डीचं दर्शन करून आलेल्या सासू-सुना. काकूंनी आधी लेबल शोधलं. "सिल्क मार्क आहे, म्हणजे हातमागाचीच ना?"

"नाही काकू. तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. हातमागाचा हँडलूम मार्क वेगळा, २००६ पासूनचा. पण लेबल राहू द्या, पदर उलटा करा."

हातमागाच्या पदराची मागची नक्षी पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे धाग्यांच्या रांगा लोंबतात, नाहीतर कातरलेली टोकं बोटांना लागतात. सुनेनं दोन्हींवरून बोट फिरवलं आणि सेमीच घेतली. रोज कुठे नेसणार, म्हणाली. माझी काहीच हरकत नाही. सेमी म्हणून, सेमीच्या भावात गेली.

दुपारी १. डबा.

३. रंगावर अडलेल्या बाईंना साडी घेऊन ओट्यावर नेलं. दिव्याखालची वांगी रंगाची साडी उन्हात वेगळीच निघते. परत येणारा माल यामुळेच कमी.

५. हिशेब. पोरांना पगार ठरलेला, विक्रीवर टक्केवारी नाही. टक्केवारी दिली की सेमीला 'ओरिजिनल' म्हणायला जीभ वळतेच.

७. लग्नाचा बस्ता, चौदा माणसं, सगळ्यांना घाई. फसगत होते ती याच वेळी. म्हणून प्रत्येक साडीवर भावाची आणि मागाची चिठ्ठी टाचलेली असते, आणि 'पन्नास टक्के सूट'ची पाटी आम्ही लावत नाही.

९. शटर खाली.

येवल्याला आलात तर कुठल्याही दुकानात आधी पदर उलटा करून मागा. कुणी कां-कू केलं तर सरळ उठा. इथे दुकानांना तोटा नाही.