जानेफळच्या मातीखाली
मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या शिवारात विहीर खणली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा कातळ. हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून थरावर थर थिजलेला लाव्हा. ऊन-पावसानं तोच झिजून मुरूम आणि माती झाली. अखंड कातळ पाणी धरत नाही. ते साठतं मुरमात आणि कातळाच्या फटींत. म्हणून एका विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारची कोरडी, यात नशिबाचा काही दोष नाही. याच कातळावर जवळच्या लोणारला अशनी आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर फार दुर्मीळ आहेत, चंद्रावर मात्र पुष्कळ.