माणसाला रंग कशाला?

निवडणूक आली की आपल्या गावांत माणसांना रंग चिकटतात. हा लाल, तो जांभळा, पलीकडचा केशरी! मग भावकीत अबोला आणि गणेशोत्सवाच्या कामातही दोन तट. पण हे रंग तरी टिकतात का? १९९५ साली लाल मजूर पक्ष व जांभळा एम.एम.एम. एकत्र लढले आणि मुख्य बेटावरील साठही जागा जिंकले. २००० साली जांभळे केशरी एम.एस.एम.बरोबर गेले, २०१० साली लाल व केशरी एक झाले. २०१४ साली लाल-जांभळे पुन्हा जुळले आणि हरले. पुढारी सोयीने रंग बदलतात, मग आपण शेजाऱ्यावर जन्माचा शिक्का का मारावा? पाणी, ऊस, शाळा यांविषयी तो काय म्हणतो, ते आधी ऐकू या. मतदान एका दिवसाचे, शेजार रोजचा.