ब्योबू : घडीच्या पडद्यावरची जपानी चित्रकला

जपानी घडीच्या पडद्याला ब्योबू म्हणतात. वारा अडवणे, मोठ्या दालनात आडोसा करणे आणि समारंभाच्या जागेला शोभा आणणे ही त्याची मूळ कामे. पडद्यांची ही पद्धत चीन आणि कोरियामार्गे जपानमध्ये आली. नारा येथील शोसोइन या भांडारात आठव्या शतकातील पडद्यांचे फलक जतन केलेले आहेत. त्यांपैकी झाडाखालच्या स्त्रियांच्या सहा चित्रांवर एके काळी पक्ष्यांची पिसे चिकटवलेली होती. ती जपानी फेझंट पक्ष्याची निघाल्यामुळे हे फलक जपानमध्येच घडले हे सिद्ध झाले.

सुरुवातीच्या पडद्यांत प्रत्येक फलकाला स्वतंत्र रेशमी किनार असे आणि फलक कातडी किंवा रेशमी बंदांनी एकमेकांना बांधलेले असत. त्यामुळे प्रत्येक चित्र आपापल्या चौकटीत राही. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागऱ्या रूढ झाल्या आणि ही अडचण संपली. कागदाची एक पट्टी पहिल्या फलकाच्या पुढून दुसऱ्याच्या मागे जाते, तिच्या खालची पट्टी नेमकी उलट जाते. अशा पट्ट्या वरपासून खालपर्यंत आलटून पालटून लावल्या की फलकांमध्ये फट उरत नाही आणि पडदा दोन्ही बाजूंना दुमडता येतो. या जोडणीमुळे सर्व फलकांवर एकसंध चित्र रंगवणे शक्य झाले. पुढे सहा फलकांच्या पडद्यांची जोडी हा सर्वाधिक प्रचलित प्रकार ठरला. असा एक पडदा साधारण दीड मीटर उंच व साडेतीन मीटर रुंद असतो. चित्र उजवीकडून डावीकडे पाहायचे असते.

फलकाचा सांगाडा हलक्या लाकडाच्या पट्ट्यांच्या जाळीचा असतो. तिच्यावर तुतीवर्गीय कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे, म्हणजे वाशीचे, अनेक थर चढवतात. चिकटवण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. काही थर पूर्ण चिकटवले जातात, तर काहींच्या फक्त कडांना खळ लावतात. कडांपुरत्या चिकटवलेल्या या थरांत हवा राहते. दमट हवेत लाकूड फुगले किंवा कोरड्या हवेत आकसले, तरी त्याचा ताण वरच्या चित्रापर्यंत पोहोचत नाही. शतकानुशतके पडदे टिकले त्यामागे ही योजना आहे. शेवटी भोवती रेशमी किनार, रोगण दिलेली लाकडी चौकट आणि कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या बसवतात. हे रोगण उरुशी झाडाच्या चिकापासून तयार होते.

सोनेरी पार्श्वभूमीसाठी सोन्याचा वर्ख वापरतात. तो सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर इतका पातळ असतो. चौकोनी वर्ख एकमेकांवर किंचित चढवून लावल्याने सांध्यांच्या बारीक रेषा दिसतात. निळा रंग अझुराइट आणि हिरवा मॅलकाइट या तांब्याच्या खनिजांपासून, तर पांढरा कालवांच्या शिंपल्यांच्या पुडीपासून मिळतो. हे रंग प्राण्यांच्या कातडीपासून काढलेल्या सरसात कालवतात. कमी उजेडाच्या दालनात सोनेरी पृष्ठभाग बाहेरचा प्रकाश आत परावर्तित करी.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्ताधीशांच्या किल्ल्यांसाठी भव्य पडदे घडले. कानो एइतोकु (१५४३–१५९०) याने क्योतो शहर आणि परिसराचे हजारो माणसांनी गजबजलेले चित्र रंगवले. सत्ताधीश ओदा नोबुनागाने ते पडदे १५७४ मध्ये उएसुगी केन्शिन या सरदाराला भेट दिल्याचे सांगितले जाते. त्याच काळातील हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याने पाइन वृक्षांच्या पडद्यांत सोने व रंग वगळून केवळ काळ्या शाईने धुके उभे केले. ओगाता कोरिन (१६५८–१७१६) याच्या आयरिस फुलांच्या पडद्यांवर सोनेरी पृष्ठभागावर फक्त निळी फुले आणि हिरवी पाने आहेत. फुलांचे काही झुबके हुबेहूब पुन्हा येतात, त्यावरून साच्याचा वापर झाल्याचे मानले जाते. पडदा घडी घालून उभा केला की काही झुबके पुढे येतात, काही मागे सरतात. भिंतीवर सपाट टांगल्यास हा परिणाम हरवतो.

पोर्तुगीजांचे आगमन दाखवणाऱ्या नानबान नावाच्या पडद्यांचा गोव्याशी थेट संबंध आहे. १५७१ पासून नागासाकी बंदरात पोर्तुगीज जहाजे येऊ लागली. ती गोव्याहून निघून मलाक्का आणि मकावमार्गे जपान गाठत. या पडद्यांवर काळे जहाज, फुगीर विजारी घातलेले व्यापारी, काळ्या झग्यातील जेझुइट पाद्री आणि छत्री धरणारे आफ्रिकी व आशियाई सेवक दिसतात. कानो नाइझेन याच्या कोबे येथील जोडीत एका पडद्यावर परदेशी बंदरातून निघणारे जहाज आणि हत्ती आहेत. ते बंदर गोवा किंवा मकाव असावे असा अभ्यासकांचा कयास आहे, पण तिथल्या इमारती चिनी धाटणीच्या आहेत. चित्रकाराने ते दृश्य कल्पनेने रंगवले होते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानमध्ये येण्यास बंदी झाली आणि हा व्यापार संपला.

जुन्या पडद्यांची दुरुस्ती आजही वाशी आणि खळीनेच होते. पाण्याने सैल होणारी खळ वापरल्यामुळे झिजलेले थर सोडवून नवे बसवता येतात आणि मूळ चित्राला धक्का लागत नाही. २०१४ मध्ये वाशी तयार करण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली. २०२० मध्ये लाकडी वास्तूंच्या जतनाशी निगडित कौशल्यांच्या नोंदीत चित्रांची मढवणी-दुरुस्ती आणि पारंपरिक सुवर्णवर्ख निर्मितीचाही समावेश झाला. जुने पडदे यापुढेही उभे राहायचे असतील, तर कागद करणारे, वर्ख कुटणारे आणि फलक जोडणारे हात कामात राहायला हवेत.