दुकानातील वायरलेस जोडणी : गल्ला बंद, पण वही उघडी?

पूर्वी शिराळ्याच्या पेठेतील दुकानदाराचा सारा हिशेब रोजकीर्द आणि खतावणीत मावत असे. रात्री दुकान वाढवताना या वह्या गल्ल्याबरोबर कुलपात जात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि नोंदणी असलेल्या बहुतेक दुकानदारांच्या वह्या संगणकात गेल्या. पुढे दुकान, मागे गोदाम आणि माडीवर घर अशी आपल्याकडील नेहमीची मांडणी. मुलगा काउंटरवर बिल करतो, वडील गोदामात मोबाइलवर माल पाहतात, घरातील कोणी रात्री उधारीची यादी तपासते. तिघांनाही एकच फाइल हवी असते. शिलाईकाम करणाऱ्याची मापे, फलक रंगवणाऱ्याचे नमुने, फॅब्रिकेशनवाल्याचे आराखडे यांचेही तेच. म्हणून एक राउटर बसवायचा, एका संगणकातील फोल्डर सर्वांसाठी सामायिक करायचा आणि काम सुरू करायचे. हे सर्व तासाभरात होते. मात्र त्या तासाभरात काय खुले राहिले, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आधी जोडणीचे पाहू. राउटर काउंटरखाली किंवा लोखंडी कपाटामागे ठेवू नये. शक्यतो मध्यभागी आणि उंचावर ठेवावा. जुन्या दगडी भिंतींतून वायरलेस लहरी नीट जात नाहीत. त्यातल्या त्यात २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण पल्ला कमी. पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. नाहीतर लॅपटॉप चालू राहतो आणि जोडणी तुटते.

यावरून एक सल्ला आम्ही आग्रहाने देतो. ज्या संगणकात हिशेबाची मूळ फाइल आहे आणि ज्यावर सतत बिले होतात, ते दोन्ही राउटरला तारेने जोडावेत. नोंद लिहिली जात असताना वायरलेस तुटले तर फाइल बिघडण्याचा धोका असतो. मोबाइल, प्रिंटर आणि नुसते पाहण्याचे काम वायरलेसवर खुशाल चालू द्यावे. तारेचा खर्च किरकोळ आहे.

आता कुलपाकडे वळू. वायरलेसची हद्द दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ती मिळते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातील वायरलेस जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले. त्या घरात एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याची जोडणी दुसऱ्या कोणी वापरली होती, पण पोलीस आधी त्याच्याच दारी आले आणि त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. असा प्रसंग आपल्यापैकी कोणावर आला तर काय होईल, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि लोक एकच बदलतात. पहिला वायरलेस वापरण्याचा. दुसरा राउटरच्या आतील मांडणी बदलण्याचा. हा दुसरा बहुधा 'अ‍ॅडमिन' असाच कारखान्यातून आलेला असतो. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता छापलेला असतो. तेथे जाऊन दोन्ही बदलावेत. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवे डब्ल्यूपीए-३ निवडावे. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ सालीच फोडला गेला होता, तो कुठे दिसल्यास बंद करावा. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोयही बंद केलेली बरी. पासवर्ड लांब असावा. दुकानाचे नाव किंवा फलकावरचा मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे!

नागपंचमीला शिराळ्यात पाहुण्यांची गर्दी उसळते आणि येणारा प्रत्येक जण वायफाय मागतो. नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. यासाठी बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, दुकानाचे संगणक मात्र त्यांना दिसत नाहीत.

खरी चूक होते ती फाइली सामायिक करताना. जोडणी लागेना की बसवणारा मिस्त्री घाईने 'पासवर्ड लागेल' ही अट काढून टाकतो, संपूर्ण डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल'सह देतो आणि पैसे घेऊन जातो. काम चालते, म्हणून कोणी पाहत नाही. आमच्याच घरच्या दुकानात असे वर्षभर चालू होते. एके दिवशी भाच्याने सिनेमा उतरवण्यासाठी जागा करताना उधारीचा फोल्डर पुसून टाकला. पोराचा दोष नव्हता. दार आम्हीच उघडे ठेवले होते. निम्मी उधारी आठवणीवर लिहून काढावी लागली.

त्यामुळे ड्राइव्ह कधीही देऊ नये, लागेल तेवढाच फोल्डर द्यावा. मूळ फाइलींच्या संगणकावर प्रत्येकाचे वेगळे नाव आणि पासवर्ड तयार करावा. बिल करणाऱ्याला लिहिण्याची परवानगी, नुसता माल पाहणाऱ्याला 'रीड' पुरेसे. विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी असते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये; दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. एका ठिकाणी परवानगी देऊनही फोल्डर उघडत नसेल तर दुसरे पाहावे. दुकानाचे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवावे. तोच लॅपटॉप बाहेर कुठे जोडला तर 'पब्लिक' निवडावे, म्हणजे सामायिक फोल्डर तेथे दिसणार नाहीत.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेत्या' या विषाणूमुळे न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची वाहतूक अडली. एका संगणकातून दुसऱ्यात जाण्यासाठी त्याने फाइली सामायिक करण्याच्या 'एसएमबी' या जुन्या पद्धतीतील भोक वापरले होते. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. म्हणून विंडोजचे अपडेट टाळू नयेत आणि 'एसएमबी-१' बंद ठेवावे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. हिशेबाचा संगणक त्यावर असेल तर बदलाचा विचार आता करावा.

विषाणूला सामायिक फोल्डर जितका सहज उघडतो, तितकीच सहज त्याला जोडून ठेवलेली दुसरी हार्डडिस्कही उघडते. यासाठी दर जुम्म्याला दुकान बंद असताना बाहेरच्या डिस्कवर नक्कल घ्यावी, डिस्क काढावी आणि घरी कपाटात ठेवावी. दोन डिस्क आळीपाळीने वापरल्यास उत्तम. महिन्यातून एकदा त्यातील एखादे जुने बिल उघडून पाहावे. नक्कल घेतली जाते, पण उघडत नाही, असेही घडते.

मिस्त्रीचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. त्याच्यासमोर आपला लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर जोडून दुकानाचा फोल्डर शोधावा. तो दिसता कामा नये. मग तोच लॅपटॉप दुकानाच्या नेटवर्कवर जोडावा. तेथे फोल्डरने नाव आणि पासवर्ड विचारला पाहिजे. न विचारता उघडला तर मिस्त्रीला पुन्हा बसवावे.