दोन मिनिटांची धाप

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर हे बालाघाटच्या डोंगररांगेतलं, परळी–लातूर रोड मार्गावरचं रेल्वे स्टेशनाचं गाव. गाडी चुकू नये म्हणून पिशवी सावरत धावलेल्या माणसाला डब्यात बसल्यावर धाप लागते. शास्त्रज्ञांना आता या धापेत मोठा रस वाटू लागला आहे.

सिडनी विद्यापीठाचे इमॅन्युएल स्टॅमाटाकिस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २५,२४१ जणांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदी तपासल्या. ही सगळी व्यायाम न करणारी माणसं, सरासरी वय बासष्टच्या आसपास. सुमारे सात वर्षांत दिसलं ते असं: ज्यांच्याकडून दिवसातून तीनदा, मिनिट-दोन मिनिटं जोरकस हालचाल आपसूक घडत होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका तशी हालचाल न करणाऱ्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होता. २०२२ साली हा अभ्यास ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आला. मुळात धडधाकट असलेला माणूसच जास्त झपाट्याने चालतो, ही शक्यता अशा निरीक्षणातून पुरती जात नाही. पण शरीरातली प्रक्रिया ओळखीची आहे. जोर लावला की एरवी स्वस्थ असलेले स्नायूंचे वेगवान तंतू कामाला लागतात, रक्तातली साखर ओढून घेतात आणि हृदयाची पंप करण्याची ताकद पणाला लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शनात ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ ही जुनी अट काढून टाकली.

हे सांगायचं कुणाला, याचं भान मात्र हवं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला व्यायामाचे धडे देणं हा अन्याय आहे. तिला विश्रांती हवी, पोटभर जेवण हवं. हा सल्ला आहे तो गल्लीतल्या दुकानात जायलाही मोटारसायकल काढणाऱ्यांना, दिवसभर गल्ल्यावर किंवा टेबलाशी बसणाऱ्यांना.

लहान मुलं मुळात अशीच खेळतात, क्षणभर सुसाट आणि मग थांबून. त्यांना फक्त मैदान द्या. चाळिशीतल्यांनी एखादा चढ इतक्या वेगाने चढावा की बोलताना वाक्य तुटलं पाहिजे. म्हातारपणी वेगवान तंतूच आधी झिजतात, म्हणून आजी-आजोबांनी आधाराजवळ राहून खुर्चीवरून चटकन उठण्याचा सराव करावा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मगच वेग वाढवा.